जुन्या इंजिनाची कॅराव्हॅन घेताय? आधी कागद, मग इंजिन, घर सर्वांत शेवटी

"जुनी मॅटाडोर मिळतेय, आत दोन बेड आणि ओटा केलेला आहे, घेऊ का?" हा प्रश्न आता वरचेवर येतो. त्याच्या मागोमाग आणखी दोन येतात. "गाडीला मूळ इंजिन नाही, कंप्रेसरवरचं सिम्प्सन बसवलंय, चालेल का?" आणि "गाडी पन्नास वर्षांची आहे, व्हिंटेज म्हणून नोंदवली की सगळी कटकट मिटते ना?" विचारणारे बहुतेक जण गाडी पाहून आलेले असतात. काहींनी इसारही दिलेला असतो. आतला नवा सनमायका आणि खिडक्यांचे पडदे पाहून मन बसलेलं असतं. आरसी बुक मात्र "घरी आहे, नंतर दाखवतो" एवढ्यावर सोडून दिलेलं असतं.

हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं वेरूळच्या आसपासची घेतली आहेत, कारण जुन्या गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगला टापू सापडणं कठीण. दौलताबादपासूनचा चढ, खुलताबादचा घाट, तिथून लेण्यांकडचा उतार, एप्रिल-मेमधलं चाळिशीपारचं ऊन आणि बोअरचं जड पाणी, सगळं तीसेक किलोमीटरच्या आत मिळतं. शिवाय चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीमुळे लेथवर काम करणारे, बोअर करणारे, क्रँक ग्राइंड करणारे कसबी हात छत्रपती संभाजीनगरात आहेत. जुनं इंजिन सांभाळायचं तर हे हात जवळ असावे लागतात.

चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही. आषाढी वारीत दिंडीमागे चालणारा ट्रक तंबू, शिधा, भांडी, शेगड्या सगळं वाहून नेतो. ज्योतिर्लिंगांच्या यात्रेला निघालेल्या बसगाड्या आचारी बरोबर घेऊन घृष्णेश्वराच्या दाराशी स्वयंपाक मांडतात. आता तेच एका कुटुंबापुरतं करावंसं अनेकांना वाटतं आणि ते वाटणं रास्त आहे. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आणलं. पण ते धोरण प्रामुख्याने पर्यटन व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही घरच्या वापरासाठी जुनी गाडी घेत असाल, तर तुमची गाठ आरटीओशी आणि इंजिनाशी आहे.

बाजारात काय मिळतं

आपल्याकडे या कामासाठी हाती लागणाऱ्या जुन्या गाड्या ढोबळमानाने तीन.

- मॅटाडोर. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोने (2005 पासून फोर्स मोटर्स) बनवलेली. पुढच्या चाकांना ताकद असल्यामुळे मागची जमीन खाली, सपाट. आत उभं राहण्यासारखं घर करायला फार सोयीची. नंतरच्या गाड्यांत मर्सिडीजच्या परवान्याने बनलेलं ओएम 616 हे चार सिलिंडरचं 2.4 लिटर डिझेल इंजिन आहे. ताकद बेताची, आयुष्य दांडगं.
- जुनी ट्रॅव्हलर. 1987 पासूनची. तेच इंजिन, पण ताकद मागच्या चाकांना. सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धास्त.
- टाटा 407 किंवा तिच्यावरची मिनीबस. 1986 पासूनची. चेसिस दणकट, पाटे कडक. माल वाहायला बनलेली असल्याने आत झोपणाऱ्याची हाडं मोजली जातात, पण घाटात भरवशाची.

यांतल्या कितीतरी गाड्यांची मूळ इंजिनं कधीच उतरली आहेत. त्यांच्या जागी जनरेटर, कंप्रेसर किंवा ट्रॅक्टरवरचं इंजिन बसलेलं सापडतं. त्यात सर्वांत जास्त भेटतं ते चेन्नईच्या सिम्प्सन कंपनीने ब्रिटनच्या पर्किन्सच्या तंत्रावर बनवलेलं इंजिन.

परवान्याची चिंता नको. एकूण भारासह 7,500 किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. वर सांगितलेल्या तिन्ही गाड्या या मर्यादेत येतात.

कागद: इथेच निम्म्या गाड्या बाद होतात

गाडी पाहायला जाण्याआधी आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. देत नसतील तर जाऊ नका. फोटो आले की एवढ्या गोष्टी पाहा:

1. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर. गाडीवर खोदलेले आणि आरसीवर छापलेले तंतोतंत जुळले पाहिजेत. चेसिसवरचा रंग आणि गंज घासून काढा, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या. आकडे वाकडेतिकडे, कमी-जास्त खोल किंवा शेजारी वेल्डिंगची खूण दिसली तर तिथूनच परता.
2. बॉडीचा प्रकार. आरसीवर "डिलिव्हरी व्हॅन" किंवा "मिनीबस" आणि आत मात्र बेड, ओटा, संडास, असं असेल तर तो बेकायदा बदल ठरू शकतो.
3. खासगी की ट्रान्सपोर्ट. पिवळ्या पाटीच्या, आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटार वाहनासाठी नूतनीकरणाचं शुल्क 2025 मध्ये 10,000 रुपये झालं आहे. शिवाय 15 वर्षांवरच्या खासगी गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो.
4. बोजा. बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव आरसीवर असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. संस्था बंद पडली असेल तर हा बोजा उतरवायला महिने जातात.
5. ऑनलाइन नोंद. फार जुन्या गाड्यांची नोंद आरटीओच्या वहीत असते, संगणकावर नसते. ती चढवण्याचं काम, ज्याला बॅकलॉग म्हणतात, विकणाऱ्याकडूनच करून घ्या. तुम्ही विकत घेतल्यावर ते तुमच्या गळ्यात पडतं.
6. दंड, कर, चोरी. ई-चलनाची थकबाकी पाहा. गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या "वाहन समन्वय" सेवेवर तपासता येतं.

1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा पाटी (एचएसआरपी) बसवणंही सक्तीचं आहे. पाटी बसलेली असेल तर निदान गाडीची नोंद संगणकावर असल्याची खात्री पटते.

इंजिन बदललेलं असेल तर

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की, निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही. बदलासाठी आरटीओची मान्यता लागते आणि बदल झाल्यावर 14 दिवसांत तो कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम आणखी घट्ट धरला. परवानगी नसलेल्या बदलाला कलम 182-अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन बसवलं असेल तर जुन्या इंजिनाची विल्हेवाट, नव्याचं बिल आणि नोंद एवढ्यावर काम होतं. डिझेल मॅटाडोरवर कंप्रेसरचं इंजिन बसवून ते आरसीवर चढवणं मात्र फार अवघड आहे. विकणारा म्हणतो, "आमचा एजंट करून देईल." त्याला सांगा, करून द्या, मग पैसे घ्या. नोंद न झालेलं इंजिन असताना अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं त्याच मुद्द्यावर हात वर करते. त्या दिवशी एजंट फोन उचलत नाही.

"व्हिंटेज" म्हणजे सुटका नव्हे

हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे, म्हणून तो वेगळा घेतो. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, तीही मूळ रूपात असलेली, त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असेल तर नाही. नोंदणी शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पाटीवर "व्हीए" ही अक्षरं.

पुढची अट वाचा. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे ज्या गाडीत ओटा बसवलाय ती व्हिंटेज ठरणार नाही, आणि जी ठरेल तिच्यातून सहकुटुंब सोमनाथला जाता येणार नाही. कॅराव्हॅन हवी असेल तर हा रस्ता विसरा.

मग कायदेशीर मार्ग कोणता

माझ्या मते पसंतीचा क्रम असा असावा:

- पहिला: जिच्या आरसीवर आधीच कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन असं लिहिलंय ती गाडी. महाग पडते, पण रात्री झोप लागते.
- दुसरा: प्रवासी गाडी आहे तशी घ्या, तिची आसनं आणि बॉडी न हलवता, काढता-घालता येईल असं सामान ठेवा. घडीची गादी, पेटीतली शेगडी, कॅनमधलं पाणी. जुन्या गाडीसाठी मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.
- तिसरा: आधी आरटीओत लेखी अर्ज, मंजुरी, मग काम. कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे आणि कंपन्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून त्यानुसार मंजुरी घेतात. एका जुन्या गाडीसाठी एकट्या माणसाने हे करणं खर्चाचं आणि वेळखाऊ आहे. नकारही येऊ शकतो, म्हणून मंजुरीआधी सुताराला बोलावू नका.

पांढऱ्या पाटीची गाडी "अधूनमधून" भाड्याने देऊन खर्च काढायचा विचार असेल तर तो सोडा. भाड्यासाठी ट्रान्सपोर्ट नोंदणी आणि पर्यटक परवाना लागतो. दिल्ली आणि भोवतालच्या परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, तेव्हा चारधामची आखणी करताना तेही लक्षात ठेवा.

जनरेटरचं इंजिन गाडीत कसं वागतं

औद्योगिक इंजिन वाईट नसतं. ते वेगळ्या कामासाठी घडवलेलं असतं. जनरेटरवरचं इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर तासन् तास एकाच लयीत चालतं, कारण आपल्या विजेची 50 हर्ट्झची लय त्यावर ठरते. गाडीचं इंजिन मात्र सतत चढतं-उतरतं, चार हजार फेऱ्यांपर्यंत जातं. यातून तीन अडचणी येतात आणि कुणीही विकताना त्या सांगत नाही.

पहिली वेगाची. गिअरबॉक्स आणि मागचा धुरा मूळ इंजिनाचाच ठेवला आणि वर दोन हजार फेऱ्यांत दमणारं इंजिन बसवलं, तर जी गाडी ताशी 90 किलोमीटर जायची ती 45 ला थकते. समृद्धी महामार्गावर, जिथे शेजारून 120 ने गाड्या जातात, तिथे 45 ने चालणं धोक्याचं आहे. अशा गाडीने जुना रस्ताच धरावा.

दुसरी पंपाची. जनरेटरच्या डिझेल पंपावरचा गव्हर्नर फेऱ्या कायम ठेवायला बघतो. गाडीत तो तसाच राहिला तर पॅडल दाबल्यावर गाडी उसळते, सोडल्यावर उशिरा मंदावते. पंप गाडीसाठी बदललाय किंवा पंप टेस्टिंगवाल्याकडून नव्याने बांधून घेतलाय, याचं बिल मागा.

तिसरी वजनाची आणि थरथरीची. ही इंजिनं जड बिडाची असतात. पुढचे पाटे बसलेत का, इंजिन माउंटिंगच्या आसपास चेसिसला बारीक तडा गेलाय का, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट लेथवर नीट बनवलीय की गॅरेजात वेल्डिंग करून चिकटवलीय, हे गाडीखाली झोपूनच कळतं. प्लेट किंचितही तिरकी असेल तर क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सची बेअरिंग वारंवार जातात.

आणखी एक. औद्योगिक इंजिनाचं वय तासांत मोजतात. पाच हजार तास चाललेलं इंजिन ताशी 50 च्या हिशेबाने अडीच लाख किलोमीटर चाललेल्या गाडीएवढं झिजलेलं असतं. तेव्हा "इंजिन फक्त पाच हजार चाललंय" या वाक्यातले ते पाच हजार कशाचे, हे विचारा.

सिम्प्सनची एक जमेची बाजूही सांगायला हवी. ही इंजिनं ट्रॅक्टरमध्येही बसलेली असल्याने रस्त्यात बंद पडलात तर तालुक्याच्या गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री ती खोलू शकतो. कन्नड असो की सिल्लोड, माणूस मिळतो. एखाद्या दुर्मीळ विलायती इंजिनापेक्षा हे मोलाचं आहे.

गाडी पाहायला जाल तेव्हा

सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी हात इंजिनावर ठेवा. कोमट लागलं तर ते आधीच चालवून तापवलं आहे, आणि थंड असताना ते कसं सुरू होतं हे तुम्हाला दिसू द्यायचं नाही, असं समजा.

थंड इंजिनाला हीटर प्लगची वेळ द्या, मग सेल्फ मारा. चांगलं ओएम 616 दोन-तीन फेऱ्यांत धरतं. सुरू होताना थोडा पांढरा धूर येणं स्वाभाविक, मिनिटभरात तो गेला पाहिजे. न जाणारा आणि गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे पाणी आत जातंय, हेड गॅस्केट किंवा हेड गेलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा चोंदलेला एअर फिल्टर. हा त्यातल्या त्यात स्वस्त आजार.

आता इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढा आणि ते भोकावर उलटं ठेवा. झाकण हलकं थरथरत राहिलं तर ठीक. ते उडून पडत असेल, भोकातून भकाभका वाफ येत असेल तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच: रिंगा आणि बोअर संपलेत, इंजिन उतरवावं लागणार. मग डिपस्टिक काढून दोन बोटांत ऑइल चोळा. काळं असणं चालतं, डिझेल इंजिनात ते काळंच होतं. दुधाळ किंवा चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी मिसळलंय. कचकच लागली तर आत धातू झिजतोय.

पैसे देण्याआधी एखाद्या परक्या, म्हणजे विकणाऱ्याच्या ओळखीच्या नसलेल्या, मिस्त्रीकडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. सगळे आकडे सारखेच थोडे कमी असतील तर इंजिन म्हातारं आहे, पण चालेल. एकाचा आकडा इतरांपेक्षा तीन बारहून जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरात काहीतरी बिघडलं आहे.

घाटात नेल्याशिवाय होकार नको

गावातल्या सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी गोड वाटते. वेरूळहून खुलताबादचा घाट चढून जा, शक्य तर भर दुपारी, आणि मागे सामानाचं वजन घेऊन. तापमानाचा काटा चढताना थोडा वर सरकावा आणि माथ्यावर आल्यावर पाच-सात मिनिटांत परत खाली यावा. तो वरच राहिला तर रेडिएटर क्षारांनी चोंदलाय, वॉटर पंप थकलाय किंवा फॅनची हवा वाया जातेय. म्हैसमाळचा चढही पार करून आली तर इंजिनाबद्दल फारशी शंका उरत नाही.

उतरताना ब्रेक तपासा. या गाड्यांचे ड्रम ब्रेक गरम झाले की धरणं सोडतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरायची सवय अनेक जुन्या ड्रायव्हरांना असते, ती या गाडीत जीवघेणी आहे. इंजिन बंद पडलं की व्हॅक्युम जातो आणि पॅडल दगडासारखं घट्ट होतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा वर्षांवरचं टायर बदलायचंच, आणि त्याचे पैसे सौद्यात कापायचे.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या यांत्रिक कामासाठी बाजूला काढा. ती नसेल तर स्वस्त गाडी घ्या, पण रक्कम ठेवाच. त्यातून आधी हे करा:

- सगळी ऑइलं, सगळे फिल्टर, फॅन बेल्ट, पाण्याचे आणि डिझेलचे सगळे रबरी पाइप. पाइप वरून चांगले दिसतात, आतून फुगलेले असतात.
- ब्रेक लाइनर, व्हील सिलिंडर, ब्रेकचं तेल.
- डिझेल टाकी उतरवून धुणं. उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि गाळ साचतो.
- टॅपेट, टायमिंग चेनचा ढिलेपणा, नोझल.
- इंजिन बंद करायची यंत्रणा. जुनं डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम रेस धरतं आणि किल्ली काढूनही थांबत नाही. तेव्हा वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडा किंवा हवेच्या तोंडावर जाड फळी दाबा. हात लावू नका. घरातल्या दुसऱ्या चालकालाही हे दाखवून ठेवा.

पुढची नेहमीची देखभाल

पाणी. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी क्षारयुक्त. ते रेडिएटरमध्ये ओतलं की दोन उन्हाळ्यांत नळ्यांना पांढरा थर बसतो. तयार कूलंट वापरा, वाटेत लागलंच तर पिण्याच्या बाटलीतलं पाणी घाला आणि घरी आल्यावर बदला. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगेल; नको म्हणा. तो काढला की इंजिन थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही आणि बोअर लवकर झिजतो. आजार रेडिएटरचा असतो, तो रेडिएटरवालाच बरा करेल.

ऑइल. दर 5,000 किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. औद्योगिक इंजिनाला तासांचं मीटर बसवून घ्या आणि 250 तासांचा हिशेब ठेवा. प्रत्येक बदलाची नोंद एका वहीत तारीख, आकडा आणि बिलासह करा. पुढे गाडी विकताना ही वही किंमत वाढवते.

धूर. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा 65 एचएसयू आहे आणि प्रमाणपत्र सहा महिन्यांचं मिळतं. पंप आणि नोझल नीट असतील तर जुनं इंजिनही यात बसतं. न तपासता मिळणारं प्रमाणपत्र घेऊ नका. तुमच्या इंजिनाच्या तब्येतीचा तो सहामाही अहवाल आहे.

उभी असताना. पावसाळ्यात महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवा राहत नाही. पंधरा दिवसांतून एकदा नुसतं सुरू करून बंद करू नका, पुरतं गरम होईपर्यंत दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.

आतलं घर

यावर लोक सर्वांत जास्त खर्च करतात, पण सांगण्यासारखं थोडंच आहे. वजन कमी ठेवा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, तीन माणसं जास्तीची बसवल्यासारखं. जाड प्लायवुडची कपाटं, ग्रॅनाइटचा ओटा, इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या, असं करत गेलात तर 75 अश्वशक्तीच्या आतलं इंजिन घाटात गुडघे टेकतं.

घरच्या दिव्या-पंख्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवा आणि ती सेल्फच्या बॅटरीपासून तोडता येईल असा आयसोलेटर बसवा. प्रत्येक वायरला फ्यूज. गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवंच. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून, काचा लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. त्याचा अलार्म आणि अग्निशामक सिलिंडर, या दोन वस्तू पडद्यांच्या आधी घ्या.

वेरूळला मुक्काम करताना

लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. लेणी परिसर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे शेगडी पेटवायची नाही आणि रात्री गाडी लावून राहायचं नाही. गावातल्या किंवा खुलताबाद रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला विचारून त्याच्या आवारात उभं राहा, जेवण तिथेच घ्या, म्हणजे पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय होते. सांडपाणी घरी नेईपर्यंत टाकीतच ठेवा. श्रावणात आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या गर्दीने रस्ता तुंबतो. जुनं इंजिन अशा गर्दीत तासभर रांगलं की तापतं, ते दिवस टाळा. अजिंठ्याला फर्दापूर फाट्याच्या पुढे खासगी गाडी सोडत नाहीत, तिथल्या बसने जावं लागतं. धुळे-चाळीसगावकडून येत असाल तर कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना बंदी आहे, तुमच्या गाडीचा वर्ग कोणता धरतात ते निघण्याआधी विचारून घ्या.

फसवणूक झाली तर तुमचे हक्क

- विक्रेता खासगी माणूस असेल तर ग्राहक आयोगाकडे सहसा जाता येत नाही. दिवाणी दावा किंवा फसवणुकीची तक्रार करावी लागते. म्हणून सौदा साध्या कागदावर का होईना, लिहा: इंजिन नंबर, ते मूळ की बदललेलं, बॉडीचा प्रकार, थकबाकी कुणी भरायची. दोघांच्या सह्या आणि साक्षीदार. पैसे बँकेतून द्या.
- जुन्या गाड्यांचा व्यापारी असेल तर 2023 पासून त्याच्याकडे आरटीओचं प्राधिकारपत्र असावं लागतं. ते मागा. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं: व्यवहार 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा, पुष्कळदा तिथेच मिटतं.
- नावावर करणं. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गाडी ताब्यात घेतली म्हणजे ती तुमची झाली नाही. विकत घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28, आधी हातात घ्या. विमाही त्याच वेळी तुमच्या नावावर करा.
- गॅरेज. काम देण्याआधी लेखी अंदाजपत्रक, काढलेले जुने भाग परत, आणि बिल, हे तिन्ही मागणं तुमचा हक्क आहे. झालेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गॅरेजवाला गाडी अडवून ठेवू शकतो, तो त्याचा कायदेशीर हक्क. पण न सांगता वाढवलेल्या कामासाठी तो तसं करत असेल, तर निषेध नोंदवून पैसे भरा, बिलावर तसं लिहून घ्या, गाडी सोडवा आणि मग आयोगाकडे जा. गाडी महिनोन् महिने त्याच्या आवारात उन्हा-पावसात उभी राहिली, तर नुकसान तुमचंच होतं.